पाव इंची टेप ड्राइव्हचं वितळलेलं रबर कसं बदलायचं: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात गुजरी म्हटलं की सोन्याची पेठ, आणि आमच्या बेळगावात कन्नड माणसाला गुजरी म्हटलं की भंगार. माझा पहिला टेप ड्राइव्ह या दुसऱ्या गुजरीतला. एका सहकारी संस्थेने मोडीत काढलेला संगणक होता. आत पाव इंची टेपचा ड्राइव्ह, म्हणजे संगणकातली माहिती पाव इंच रुंद चुंबकीय टेपवर लिहिणारं-वाचणारं यंत्र, आणि सोबत बुटाच्या खोक्यात अकरा कार्ट्रिजेस, म्हणजे ती टेप भरलेल्या डब्या. घरी आणून वीज जोडली, दिवा लागला, मोटर फिरली. मी आनंदाच्या भरात कार्ट्रिज आत ढकललं. टेप हातभर सरकली आणि थांबली. बाहेर ओढलं तर कार्ट्रिजच्या चाकाला काळं, काकवीसारखं काहीतरी चिकटलेलं.

ती काकवी म्हणजे मोटरवरच्या रोलरचं रबर. त्यानंतर मी आठ ड्राइव्ह उघडले, सहा चालू झाले, दोन माझ्या हातून गेले. त्या दोघांमुळे जे कळलं तेच खाली जास्त आलं आहे.

हा लेख डीसी-६०० आणि डीसी-६१५० जातीची, धातूच्या तळाची मोठी कार्ट्रिजेस घेणाऱ्या ड्राइव्हसाठी आहे. आर्काइव्ह कंपनीचा वायपर किंवा वँगटेकचा ५१५० हाताला लागला असेल तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात. एचपी-८५ या १९८० सालच्या संगणकातल्या आणि डेक (डीईसी) या संगणक कंपनीच्या टीयू-५८ मधल्या छोट्या कार्ट्रिजच्या ड्राइव्हनाही हाच रोग होतो आणि औषधही जवळपास हेच.

आधी थोडं समजून घ्या

साध्या कॅसेट प्लेअरमध्ये टेपला वेग देतो तो धातूचा बारीक दांडा. रबराचा रोलर टेपला त्या दांड्यावर दाबून धरतो, एवढंच. रबर थोडं झिजलं तरी वेग फारसा बदलत नाही. म्हणून टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे मिस्त्री तुम्हाला सांगतील, "रबर काय, कुठलंही बसवा." त्यांचं त्यांच्या कामापुरतं बरोबर आहे. इथे ते चालत नाही.

थ्रीएम कंपनीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेल्या या कार्ट्रिजमध्ये ड्राइव्हचा रोलर टेपला शिवतच नाही. तो कार्ट्रिजच्या तोंडाशी असलेल्या प्लास्टिकच्या चाकाला टेकतो. ते चाक आतला एक ताणलेला पट्टा फिरवतं आणि तो पट्टा दोन्ही रिळांवरच्या टेपला बाहेरून बिलगून रिळं फिरवतो. मोटरचे फेरे ड्राइव्ह मोजत असतो, पण त्या फेऱ्यांची टेप किती सरकणार हे ठरतं रबराच्या व्यासावर. समजा रोलर १६ मिलिमीटरचा असायला हवा आणि तुम्ही १६.२ चा केलात, तर टेप सव्वा टक्का जास्त वेगाने पळेल. हे एक वेळ चालून जाईल. पण रोलर गोल नसेल, एका अंगाला फुगीर असेल, तर प्रत्येक फेऱ्यात टेप एकदा पुढे हिसकेल, एकदा मागे राहील. या ड्राइव्हमध्ये टेप सेकंदाला ९० इंच, म्हणजे जवळपास सव्वादोन मीटर पळते. एवढ्या रोलरचे सेकंदाला चाळीसच्या वर फेरे होतात. तेवढे हिसके दर सेकंदाला बसले तर वाचन होत नाही.

तेव्हा रबर कुठलं, यापेक्षा ते किती मापाचं आणि किती गोल, यावर डोकं जास्त चालवा.

आता हे वितळतं का? हे रबर बहुतेक वेळा पॉलियुरेथेन असतं आणि हवेतला ओलावा त्याच्या साखळ्या हळूहळू तोडतो. माळ्यावर ठेवलेले बूट पावसाळ्यानंतर काढले की तळ भुगा होऊन हातात येतो, तोच प्रकार. खानापूरच्या पावसाळी बाजूला घर असेल तर वेगळं सांगायला नको. न वापरता नुसतं ठेवलं म्हणून ते वाचत नाही, कारण झीज वापराने नव्हे, हवेने होते.

काय काय जवळ हवं

- आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्के. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात, त्यांना विचारा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.
- डिजिटल व्हर्निअर, बारीक एलन की, छोटे स्क्रू ड्रायव्हर, लाकडी टूथपिक, धागे न सुटणारं सुती कापड.
- ४०० नंबरचा पॉलिश पेपर.
- एक टाकाऊ कार्ट्रिज, ज्यातला मजकूर गेला तरी चालेल. हे नसेल तर काम सुरूच करू नका.
- तुमच्या ड्राइव्हचं सर्व्हिस मॅन्युअल, मिळालं तर.
- ओळखीचं लेथ. ही एक गोष्ट आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांपेक्षा सोपी आहे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेच्या बाजूला गल्लीगल्लीत मशीन शॉप आहेत.

१. उघडण्याआधी फोटो काढा

जम्पर (सर्किट बोर्डवरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) कुठे आहेत, केबल कुठल्या बाजूने जाते, स्प्रिंग कुठल्या खाचेत अडकवली आहे, सगळ्याचे फोटो. कंटाळा येतो, तरी काढा. रोलर-मोटरचा ठोकळा बहुतेकदा स्प्रिंगवर तोललेला असतो आणि कार्ट्रिजच्या दिशेने ढकलला जातो. ती स्प्रिंग चुकीच्या खाचेत बसली तर दाब बदलतो आणि मग तुम्ही नव्या रबराला विनाकारण दोष देत बसाल. मी एक आठवडा बसलो होतो.

२. चिकटा काढण्याआधी मापं घ्या

ही पायरी बहुतेक सगळे उलटी करतात. काळा चिकटा बघून आधी पुसून काढतात आणि मग विचारतात, मूळ व्यास किती होता. आता कोण सांगणार?

रबर वितळलं तरी ते सगळीकडे सारखं वितळत नाही. कार्ट्रिजचं चाक टेकतं तिथे खळगा पडतो, पण वरच्या किंवा खालच्या कडेला मूळ गोलाई पुष्कळदा शिल्लक असते. तिथे व्हर्निअर हलकेच लावून तीन-चार ठिकाणी माप घ्या. सगळ्यांत मोठं माप मूळच्या जास्त जवळचं, पण ओघळ आला असेल तिथलं धरू नका. रबराची रुंदी आणि आतल्या धातूच्या बुशीच्या (रबर जिच्यावर बसतं त्या नळीच्या) तळापासून रबर किती उंचीवर सुरू होतं, हेही लिहा. उंची चुकली तर रोलर कार्ट्रिजच्या चाकाला अर्धवट टेकतो.

सगळंच ओघळलं असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा ड्राइव्ह शोधा, किंवा मॅन्युअलमध्ये माप आहे का बघा. दोन्ही नसेल तर अंदाजाने थोडं मोठं ठेवून पायरी ६ मधल्या वेळेच्या हिशोबाने खाली आणायचं. जास्त वेळ लागतो, पण जमतं.

३. रोलर काढणे आणि पुसणे

काही ड्राइव्हमध्ये बुशीला ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा छोटा स्क्रू, असतो. तो सैल केला की रोलर वर येतो. काहींत बुश मोटरच्या दांड्यावर दाबून बसवलेली असते. तिला स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, दांडा वाकला की मोटर संपली. माझ्या दोन वाया गेलेल्यांपैकी पहिला असाच गेला. लहान पुलर लावा, नाहीतर मोटरसकट लेथवाल्याकडे न्या.

रबर नखाने निघेल तेवढं काढा, उरलेलं अल्कोहोल लावलेल्या कापडाने. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल ड्राइव्हच्या जवळ आणू नका, प्लास्टिकला तडे जातात. काळे शिंतोडे आजूबाजूला उडालेले असतात, विशेषतः छोट्या दिव्याच्या आणि सेन्सरच्या खिडकीवर. ती खिडकी लख्ख करा. कारण पायरी ७ मध्ये कळेल.

४. नवं रबर: कुठला मार्ग घ्यायचा

मी चार प्रकार करून पाहिले.

हीट श्रिंक ट्यूब: दहा मिनिटांत होतं, घसरतं. ड्राइव्हचं इलेक्ट्रॉनिक्स जिवंत आहे का हे बघण्यापुरतं ठीक.

ओ-रिंगा शेजारी शेजारी बसवणे: आपल्याकडे हायड्रॉलिकचं काम खूप, त्यामुळे नायट्राइल ओ-रिंग कुठल्याही मापाची मिळते. दोन किंवा तीन रिंगा बुशीवर ताणून बसवायच्या आणि माथा घासून सपाट करायचा. स्वस्त आणि चांगला उपाय. एकच अडचण, दोन रिंगांमधल्या खाचेमुळे टेकणारी रुंदी कमी होते.

स्वतः पॉलियुरेथेन ओतणे: दोन भाग मिसळून साच्यात ओतायचं. चित्रफितीत फार सोपं दिसतं. ओलावा लागला की त्यात बुडबुडे धरतात, म्हणजे जून ते सप्टेंबर विसरा. आणि पुन्हा तेच रसायन, पुन्हा वीस वर्षांनी काकवी. पॉलिएस्टर जातीपेक्षा पॉलिइथर जात ओलाव्याला जास्त टिकते, करायचंच असेल तर ती मागा.

नायट्राइलची नळी: छापखान्याचे रोलर नव्याने रबर चढवून देणारे लोक असतात. त्यांच्याकडून नायट्राइलची जाड नळी करून घ्यायची, आतलं भोक बुशीपेक्षा साधारण १० टक्के लहान, बाहेरचा व्यास हवा त्यापेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठा. कडकपणा मी ६० शोअर ए मागतो, मोटारीच्या टायरच्या आसपासचा. एकदा वीतभर नळी केली की दहा रोलर निघतात. माझं मत विचाराल तर नवख्याने ओ-रिंगने सुरुवात करावी आणि दुसऱ्या ड्राइव्हला या मार्गावर यावं.

सिलिकॉनची नळी टाळा. सहज मिळते, पण धूळ बसली की गुळगुळीत होते आणि तिला गोंदही धरत नाही.

नळी बुशीवर चढवताना साबणाचं पाणी लावा, पूर्ण वाळू द्या. १० टक्के ताण असेल तर गोंदाची गरज पडत नाही. फेविक्विक ओतून फुगवटा आणू नका.

५. लेथवर: इथे घाई केलीत तर सगळं गेलं

रबर टूलने कापलं जात नाही, ते मागे सरतं आणि मग ओरबाडलं जातं. ते घासावं लागतं. टूल पोस्टला ग्राइंडर लावणारा मिस्त्री मिळाला तर उत्तम. नाहीतर सपाट पट्टीवर पॉलिश पेपर चिकटवून ती टूल पोस्टमध्ये धरायची आणि अगदी हलका फीड द्यायचा. जॉब आधी रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवला तर रबर कडक राहतं आणि घासाई सरळ येते. शॉपपर्यंत नेताना आइस्क्रीमवाल्याकडून थर्माकोलचा डबा मागून घ्या.

मिस्त्रीला तोंडी सांगू नका, कागदावर ड्रॉइंग न्या. आमच्याकडे तीन शॉप ओलांडेपर्यंत मराठी, कन्नड, हिंदी सगळं कानावर येतं, पण १६.०० आणि त्यापुढे अधिक-उणे ०.०५ हे सगळ्यांना एकाच अर्थाने कळतं. क्रँकशाफ्टचं काम करणाऱ्या माणसाला एवढी अचूकता म्हणजे काहीच नाही. त्याला फक्त हे पटवावं लागतं की एवढ्याशा रबरालाही ती लागते. "अण्णा, याला कशाला डायल लावायचा?" असं मलाही ऐकावं लागलं आहे.

दोन गोष्टी आवर्जून सांगा. पहिली, मँड्रेल म्हणजे बुश ज्यावर बसवणार तो दांडा लेथच्या त्याच चकात, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीत, टर्न करायचा, आणि काम संपेपर्यंत चकातून काढायचा नाही. जुन्या लेथचं चक थोडं वाकडं धरतंच. मँड्रेल न काढता काम केलं तर तो वाकडेपणा जॉबमध्ये उतरत नाही. दुसरी, शेवटी डायल गेज लावून रनआउट, म्हणजे फिरताना रोलर किती डगमगतो ते, बघायचं. मी ०.०३ मिलिमीटरवर समाधानी असतो.

मोजण्यातला सापळा: व्हर्निअरचे जबडे रबर दाबतात आणि माप खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. त्यामुळे रोलर अजून मोठा असताना तुम्ही थांबता. घासून गरम झालेलं रबर मात्र फुगलेलं असतं, तिथे उलटी चूक होते. मी पत्र्यात हव्या मापाची खाच करून घेतली आहे. जॉब गार झाला की तो खाचेतून घालून उजेडाकडे धरतो. रबर दोन्ही कडांना नुसतं शिवून गेलं, दबलं नाही, की झालं.

कन्नड येत नसेल तर एक शब्द तरी पाठ करून जा. मिस्त्री विचारेल "एष्टु तेगीबेकु?", म्हणजे किती काढायचं. तुम्ही बोट दाखवून सांगाल. पण थांबवायला "साकु" वेळेवर म्हणता आलं पाहिजे. काढलेलं रबर परत चढत नाही.

शेवटचा हात ४०० नंबरचा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन भुकटी काढा. काही जण रोलर ड्राइव्हच्याच मोटरवर फिरवून घासतात. गोलाई सुंदर येते, पण भुकटी मोटरच्या बेअरिंगमध्ये जाते. मी ते करत नाही.

६. बसवणे आणि वेग बघणे

उंची जुन्या मापाने लावा, ग्रब स्क्रू आवळा. टाकाऊ कार्ट्रिज घाला आणि टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवा. टेपचा ताण सारखा करायला ती अशी टोकापासून टोकापर्यंत पळवण्याची आज्ञा ड्राइव्हला असतेच. डीसी-६०० मध्ये साधारण ६०० फूट टेप असते. सेकंदाला ९० इंच या वेगाने एक फेरी ८० सेकंदांच्या आसपास व्हायला हवी. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर ७० आली तर रोलर बराच मोठा आहे, ९० आली तर लहान आहे किंवा घसरतो आहे. हा ढोबळ हिशोब झाला, कारण टेपची लांबी कार्ट्रिजगणिक थोडी बदलते. चांगल्या चालणाऱ्या ड्राइव्हवर तेच कार्ट्रिज लावून वेळ घेता आली तर त्याच्याशी ताडून बघा.

एकदा पुढे आणि एकदा मागे, दोन्ही वेळा मोजा. दोन्ही दिशांत फरक पडला तर व्यास तपासू नका, आधी स्प्रिंगचा दाब आणि घसरण तपासा.

७. खरं कार्ट्रिज घालण्याआधी

माझा दुसरा ड्राइव्ह वाया गेला असं वर म्हटलं, पण खरं तर तिथे ड्राइव्हपेक्षा कार्ट्रिज गेलं याचं दुःख जास्त आहे. अकरापैकी सर्वांत जुनं होतं ते.

झालं असं की या कार्ट्रिजमध्ये टेपची टोकं रिळाला बांधलेली नसतात, नुसती गुंडाळलेली असतात. टोक आलं हे ड्राइव्हला कळतं टेपला पाडलेल्या बारीक भोकांतून येणाऱ्या उजेडावरून. कार्ट्रिजमधला छोटा आरसा तो उजेड वळवतो. सेन्सरवर शिंतोडा असेल किंवा आरसा मळला असेल तर ड्राइव्ह थांबत नाही आणि टेप रिळावरून सुटून बाहेर येते. गुंता सोडवून परत गुंडाळता येतो, पण मी रागाने ओढली. एवढंच सांगतो.

म्हणून प्रत्येक कार्ट्रिज घालण्याआधी:

- आरसा कोरड्या कापडाने पुसा.
- कोपऱ्यातली गोल खुंटी फिरवून बाण सेफकडे आहे ना ते बघा. हे जीवनमरणाचं आहे. असे ड्राइव्ह पहिल्या ट्रॅकवर (टेपवर लांबीने जाणाऱ्या माहितीच्या रेघांपैकी पहिलीवर) लिहायला लागले की टेपची पूर्ण रुंदी पुसत जातात, म्हणजे चुकून दिलेली एक आज्ञा सगळे ट्रॅक घेऊन जाते.
- आतला पट्टा बघा. तोही तसल्याच ताणल्या जाणाऱ्या प्लास्टिकचा असतो आणि म्हातारा होतो. ढिला पडलेला दिसला, किंवा टेपला चिकटून त्याचे ठसे उमटलेले दिसले, तर ते कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये घालू नका. तळाचे स्क्रू काढून पट्टा बदलावा लागतो. त्यासाठी नव्यातल्या नव्या डीसी-६१५० कार्ट्रिजचा पट्टा काढून लावा. चिकटलेला पट्टा ओढू नका, टेपवरचा तपकिरी थर सोबत येतो. हळूहळू, टेप फिरवत सोडवायचा, आणि अर्धा तास लागला तर लागू द्या.

८. वाचन

पहिल्याच फेरीत सगळं उतरवून घ्या. आत काय आहे हे उत्सुकतेने आधी चाळत बसू नका, टेपला दुसरी संधी मिळेलच असं नाही. लिनक्सवर डीडी ही आज्ञा वापरून, ५१२ बाइटचा ब्लॉक धरून, जसंच्या तसं फाइलमध्ये उतरवा, उलगडणं नंतर. क्यूआयसी (क्वार्टर-इंच कार्ट्रिज) प्रमाणांपैकी क्यूआयसी-२४ पद्धतीची ६० मेगाबाइटची टेप नऊ ट्रॅकवर पुढे-मागे जाते, त्यामुळे न अडखळता चालली तर बारा मिनिटांत संपते. क्यूआयसी-१५० ला अठरा ट्रॅक, तिथे दुप्पट वेळ धरा. यूपीएस लावा, आमच्याकडे वळवाच्या दिवसांत वीज कधी जाईल याचा नेम नाही. दर कार्ट्रिजनंतर हेड (टेप वाचणारा भाग) अल्कोहोलने पुसा. कापडावर तपकिरी रंग जास्त येऊ लागला तर थांबा.

मध्येच चुका येऊ लागल्या तर रोलरकडे बघा. चकाकी आली असेल तर ४०० नंबरचा कागद हलकेच फिरवा आणि पुसून घ्या.

काम झालं की कार्ट्रिज ड्राइव्हमधून काढून ठेवा. आत राहिलं तर स्प्रिंग रोलरला चाकावर दाबत राहते आणि नव्या रबराला दोन-तीन महिन्यांत खळगा पडतो. माझ्या अकरापैकी सात कार्ट्रिजेस अशी उतरली. एक त्या टेपच्या गुंत्यात गेलं, आणि तीन अजून खोक्यात आहेत, पट्ट्यांची वाट बघत.